सवलत ही मेहेरबानी नव्हे

सदर : हक्क आणि हिशेब

आपल्याकडे पास म्हटला की लोकलचा पास डोळ्यांसमोर येतो. महिन्याचे पैसे एकदम भरायचे आणि रोज तिकिटाच्या रांगेत उभे राहायचे नाही, एवढा त्याचा साधा अर्थ. इंग्लंडमध्ये असाच पास फुटबॉलचा असतो. त्याला सीझन तिकीट म्हणतात. ऑगस्टपासून मे महिन्यापर्यंत मोसम चालतो. तेवढ्या काळात आपल्या क्लबचे घरच्या मैदानावरचे सगळे साखळी सामने या एका पासावर पाहता येतात. वरच्या गटात, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, 20 क्लब आहेत. म्हणून प्रत्येक क्लबचे घरच्या मैदानावर 19 सामने होतात. पैसे मात्र मोसम सुरू होण्याआधी भरायचे असतात. हा पास वर्षागणिक महाग होत गेला आहे. त्याची झळ सर्वांनाच लागते, पण सर्वांत जास्त लागते ती अपंग प्रेक्षकांना. आज त्यांच्याविषयी लिहायचे आहे.

कुणी म्हणेल, येथे महिनाअखेर गाठताना नाकी नऊ येतात आणि तुम्ही साता समुद्रापलीकडच्या चेंडूची गोष्ट कसली सांगता? प्रश्न चेंडूचा नाही. दहा माणसे जेथे आनंदाने जमतात तेथे अकराव्याला जागा आहे की नाही, असलीच तर ती कोणत्या अटीवर आणि कोणत्या किमतीला, हा प्रश्न आहे. आपल्या वाचकांना तो समजावून सांगावा लागत नाही. आणि ज्या घरात चाकाची खुर्ची, कुबडी किंवा पांढरी काठी आहे, त्या घराला तर मुळीच नाही.

कामगारांचा खेळ, मालकांचा बाजार

इंग्लंडचा फुटबॉल हा मूळचा कष्टकऱ्यांचा खेळ. आज जगभर गाजणारा मँचेस्टर युनायटेड क्लब 1878 साली न्यूटन हीथ येथील रेल्वे कारखान्यातल्या, डबे आणि वाघिणी बांधणाऱ्या कामगारांनी काढला. आर्सेनल क्लब 1886 साली वुलिच येथील सरकारी तोफखान्याच्या कामगारांनी काढला. वेस्ट हॅमचे मूळ 1895 साली लंडनच्या एका जहाज बांधणाऱ्या कारखान्यात आहे. शनिवारी दुपारी पाळी सुटायची आणि कामगार थेट मैदानावर जायचे. थोड्या पैशांत उभे राहून सामना पाहायचे. यंत्रात हात गेलेले, युद्धात पाय गमावलेले असे लोकही त्या गर्दीत असत, कारण ते त्याच वस्तीतले होते.

पुढे 1989 साली शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. त्यात एकूण 97 माणसांचे प्राण गेले. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती टेलर यांनी 1990 च्या अहवालात मोठ्या मैदानांवर सर्वांना बसण्याची जागा असावी, अशी शिफारस केली. त्याच वेळी या निमित्ताने तिकिटे भरमसाट वाढवू नयेत, असाही त्यांचा रोख होता. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचे उदाहरण त्यांनी दिले. तेथे उभ्याचे तिकीट 4 पौंड आणि बसण्याचे 6 पौंड होते. शिफारशीतल्या खुर्च्या क्लबांनी बसवल्या, दराची गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरले.

1992 साली प्रीमियर लीग सुरू झाली आणि दूरदर्शन हक्कांचा पैसा पाण्यासारखा येऊ लागला. 2016 ते 2019 या तीन मोसमांसाठी एकट्या ब्रिटनमधले हक्क सुमारे 513 कोटी पौंडांना विकले गेले. एक पौंड म्हणजे शंभराहून अधिक रुपये, हे ध्यानात घ्यावे. एवढी कमाई असताना तिकिटाचे दर खाली यायला हवे होते. ते वर गेले. 2024-25 च्या मोसमासाठी 20 पैकी 19 क्लबांनी पासाचे दर वाढवले. त्याच मोसमात, नोव्हेंबर 2024 मध्ये, मँचेस्टर युनायटेडने शिल्लक राहिलेल्या तिकिटांचा किमान दर सरसकट 66 पौंड केला. तो करताना लहान मुले आणि पेन्शनर यांची त्या तिकिटांवरची सवलत काढून घेतली. मालकाला काटकसर सुचते तेव्हा पहिली कात्री कोणाच्या सवलतीला लागते, हे यावरून दिसावे.

जागा मिळाली, पण किती?

एके काळी चाकाच्या खुर्चीवरच्या प्रेक्षकाला मैदानाच्या कडेला, पावसाच्या माऱ्यात बसवत असत. डोक्यावर छप्पर नाही, समोरून कर्मचारी आणि पोलीस ये-जा करणार, सामना दिसला तर दिसला. ब्रिटनमध्ये अपंगांविरुद्ध भेदभावाला बंदी करणारा कायदा 1995 साली झाला. 1998 साली अपंग प्रेक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तीच आज 'लेव्हल प्लेइंग फील्ड' या नावाने काम करते. 2003 साली मैदाने कशी असावीत याची मार्गदर्शिका निघाली आणि 2010 साली सर्व प्रकारच्या भेदभावाचा एकत्रित समता कायदा आला.

या मार्गदर्शिकेत नव्या मैदानासाठी हिशेब दिलेला आहे. 40,000 प्रेक्षकांच्या मैदानात चाकाच्या खुर्च्यांसाठी किमान 210 जागा, आणि त्यापुढे दर हजारामागे आणखी 2. म्हणजे 60,000 च्या मैदानात 250 जागा. ही काही फार मोठी मागणी नव्हे. तरी जगातल्या सर्वांत श्रीमंत क्लबांना ती पुरी करायला वर्षानुवर्षे वेळ मिळाला नाही. सप्टेंबर 2015 मध्ये प्रीमियर लीगने ऑगस्ट 2017 ची मुदत स्वतःहून जाहीर केली. जानेवारी 2017 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने क्लबांच्या चालढकलीवर कडक ताशेरे ओढले. मुदत उलटली तरी काही क्लब मागेच होते. मात्र मनात आणले तर काय होते याचेही उदाहरण आहे. ज्या मँचेस्टर युनायटेडचे नाव वर दरवाढीसाठी घेतले, त्याच क्लबने 2017 साली चाकाच्या खुर्च्यांसाठी जागा वाढवायला सुमारे 2,600 सर्वसाधारण जागा कमी करण्याची योजना जाहीर केली. चांगले काम कोणीही केले तरी ते सांगितले पाहिजे.

एकच दरवाढ, दोन वजने

आता मुद्द्याला हात घालू. क्लब म्हणतो, आम्ही सर्वांचे दर सारखेच वाढवले. शेकडा पाच तर शेकडा पाच. यात भेदभाव कुठे आला?

समजा, एका पासाचे 600 पौंड होते, ते 630 झाले. धडधाकट माणसाला हे परवडले नाही तर त्याच्यापुढे चार वाटा असतात. तो गोलामागच्या स्वस्त बाजूला जागा घेतो. पास सोडून निवडक पाच-सहा सामने पाहतो. मित्राबरोबर पास वाटून घेतो. नाहीतर दोन वर्षे थांबून पुन्हा अर्ज करतो. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला यातली एकही वाट धड उपलब्ध नसते. त्याच्यासाठीच्या जागा मोजक्या, त्या ठराविक बाजूलाच. ती बाजू महागड्या स्टँडमध्ये असेल तर महागडाच दर. एकदा पास सोडला की पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही, कारण जागा थोड्या आणि रांग लांब. मोबाइलवरून झटपट तिकीट घेऊन ऐन वेळी जावे म्हटले, तर त्याला आधी गाडी, उतार, लिफ्ट, शौचालय आणि सोबती या सगळ्यांची जुळवाजुळव करावी लागते. ज्याला निवडच नाही, त्याच्यावर लादलेली शेकडा पाच वाढ ही निवड असणाऱ्याच्या शेकडा पाचपेक्षा जड असते.

दुसरी गोष्ट खर्चाची. ब्रिटनमधील 'स्कोप' या संस्थेने 2023 साली हिशेब मांडला. घरात एक अपंग व्यक्ती असेल, तर इतरांसारखेच राहणीमान ठेवायला त्या कुटुंबाला महिन्याला सरासरी 975 पौंड जादा लागतात. जादा गरम कपडे, जादा वीज, टॅक्सी, खुर्चीची दुरुस्ती, मदतनिसाचा पगार. म्हणजे मैदानाच्या दरवाजापर्यंत पोहोचण्याआधीच त्याच्या खिशाला भोक पडलेले असते. तिकिटाची वाढ त्या उरलेल्या पैशांतून द्यायची असते.

तिसरी गोष्ट, दिलेल्या पैशाच्या बदल्यात काय मिळते? गोल होण्याची चिन्हे दिसली की पुढच्या रांगा उभ्या राहतात. जागा पुरेशी उंच बांधलेली नसेल तर खुर्चीवरच्या माणसाला त्या क्षणी समोरच्यांच्या पाठी दिसतात. ज्या गोलासाठी पैसे दिले तोच दिसत नाही. आणि आपल्या या पानाच्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे कुटुंबाची ताटातूट. पुष्कळ ठिकाणी चाकाच्या खुर्चीशेजारी एकाच सोबत्याची जागा असते, आणि तो सोबती मदत करू शकणारा मोठा माणूस असावा लागतो. अपंग बापाला दोन लहान लेकरे घेऊन सामना पाहायचा असेल तर? आई बापाशेजारी बसली तर लेकरे कुठे बसणार? सगळे कुटुंब एका ओळीत बसून ओरडते, हसते, त्यातच त्या दिवसाची मजा असते. ती मजा या कुटुंबाला पूर्ण दर देऊनही मिळत नाही.

सोबत्याचे तिकीट फुकट, म्हणजे काय?

येथे क्लबांचा नेहमीचा युक्तिवाद येतो. ते म्हणतात, आम्ही सोबत्याला फुकट आत घेतो. एका तिकिटात दोन माणसे येतात. मग अपंगाने पूर्ण दर द्यायला काय हरकत आहे? या हिशेबाने जेथे आधी अपंगांना कमी दर होता, तेथे तो पूर्ण दरापर्यंत नेण्याला सबब मिळते.

हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण खोटा आहे. सोबती मजा करायला फुकट आलेला पाहुणा नव्हे. खुर्ची ढकलणे, शौचालयात नेणे, औषध देणे, गर्दीतून वाट काढणे, आगीची घंटा वाजली तर बाहेर काढणे ही त्याची कामे. जिन्याशेजारी उतार बांधला तर उतारावरून चढण्याचे वेगळे पैसे कोणी मागत नाही. सोबती हा चालताबोलता उतारच आहे. ब्रिटनच्या 2010 च्या समता कायद्याच्या 20 व्या कलमात हे तत्त्व स्पष्ट आहे. अपंग व्यक्तीसाठी करावयाच्या वाजवी सोयीचा खर्च त्या व्यक्तीकडून वसूल करता येत नाही. मग जी सोय कायद्याने द्यायचीच आहे, ती उपकार म्हणून मोजायची आणि त्या बदल्यात दुसरी सवलत काढून घ्यायची, हा कुठला न्याय? शिवाय बहिऱ्या किंवा अन्य प्रकारच्या अपंग माणसाला सोबती लागतोच असे नाही. त्याच्या पदरात त्या फुकट तिकिटाचे काहीच पडत नाही.

प्रश्नाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. प्रत्येक अपंग माणूस गरीब नसतो. चांगल्या पगाराच्या अपंगाला स्वस्त तिकीट कशाला, असे विचारणारे आहेत. खुद्द काही अपंग प्रेक्षकच म्हणतात की आम्हाला दया नको, इतरांसारखी जागा द्या आणि इतरांसारखेच पैसे घ्या. ही स्वाभिमानाची भूमिका आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. पण त्यातला पहिला अर्धा भाग विसरता येत नाही. आधी इतरांसारखी जागा द्यावी लागेल. मैदानाच्या चारही बाजूंना, स्वस्त आणि महाग अशा सर्व दरांत, कुटुंबासह बसता येईल अशी, गोल दिसेल अशी. जोवर ती नाही, तोवर क्लबने निदान मैदानातल्या सर्वांत स्वस्त जागेचा दर अपंगाला लावावा. निवड क्लबने हिरावली आहे, तर तिची किंमतही क्लबनेच सोसावी. अशा सवलतीला दान म्हणता येत नाही. अपुऱ्या मालाला पुरा भाव द्यायचा नाही, एवढाच हा बाजारातला साधा नियम आहे. भाजीवाल्याकडून अर्धा किलो घेऊन किलोचे पैसे कोणी देतो का?

सत्त्याहत्तराव्या मिनिटाला

मग यावर उपाय काय? एक घटना सांगण्यासारखी आहे. 2016 साली लिव्हरपूल क्लबने नव्या स्टँडमधल्या सर्वांत महाग तिकिटाचा दर 77 पौंड ठरवला. 6 फेब्रुवारीला संडरलँडविरुद्ध सामना होता. लिव्हरपूल दोन गोलांनी पुढे होता. 77 वे मिनिट झाले आणि सुमारे 10,000 प्रेक्षक शांतपणे उठून मैदानाबाहेर चालते झाले. कोणी खुर्ची तोडली नाही, कोणाला शिवी दिली नाही. रिकाम्या खुर्च्या दूरचित्रवाणीवर सगळ्या जगाने पाहिल्या. सामनाही शेवटी दोन-दोन असा बरोबरीत सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दर मागे घेतला. त्याच वर्षी प्रीमियर लीगने दुसऱ्याच्या मैदानावर जाणाऱ्या प्रेक्षकांसाठी 30 पौंडांची कमाल मर्यादाही घातली.

या घटनेत दोन धडे आहेत. पहिला, संघटित आणि शांत माणसांपुढे पैसेवाला नमतो. दुसरा धडा अधिक अवघड आहे. अडीचशे अपंग प्रेक्षक बाहेर गेले तर साठ हजारांच्या मैदानात ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. काहींना तर उठून जाणे हेच शक्य नाही. म्हणून त्यांच्या दरवाढीविरुद्ध उठायचे असेल तर ते ज्यांना पायावर उठता येते त्यांनी उठले पाहिजे. इंग्लंडमधल्या प्रेक्षकसंघटनांना हे हळूहळू उमगत आहे. मुलांची, पेन्शनरांची आणि अपंगांची सवलत ही एकाच दोरीत बांधलेली आहे. एक गाठ सुटली की बाकीच्या सुटायला वेळ लागत नाही. जुलै 2025 मध्ये तेथे फुटबॉल कारभाराचा नवा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. तिकीट दरांबाबत प्रेक्षकांशी सल्लामसलत करण्याची जबाबदारी त्यात क्लबांवर आहे. सल्लामसलतीच्या त्या टेबलापाशी चाकाची खुर्ची जाईल एवढी जागा ठेवली जाते का, हे पाहायचे.

आपल्या घरचा हिशेब

आरंभी लोकलच्या पासाची आठवण काढली ती उगीच नव्हे. जो अस्थिव्यंग प्रवासी सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही, त्याला भारतीय रेल्वेच्या नियमांत मासिक पासावर 50 टक्के सवलत आहे, आणि तेवढीच सवलत त्याच्या एका सोबत्यालाही आहे. म्हणजे सोबती हा गरजेचा भाग आहे, हे तत्त्व आपल्या रेल्वेनेही मान्य केलेले आहे. पण सवलत किती कच्च्या धाग्यावर असते तेही आपण पाहिले. 20 मार्च 2020 पासून, कोरोनाच्या काळात, ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे भाड्यातली सवलत थांबवली गेली. अपंगांच्या चार गटांची सवलत तेव्हा कायम राहिली. ती कायम राहिली म्हणून निश्चिंत राहावे, असे मात्र नाही.

आपल्या देशातही 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्याच्या 29 व्या कलमात सांस्कृतिक जीवन आणि करमणूक, 30 व्या कलमात खेळ यांचा हक्क सांगितला आहे. जुन्या सार्वजनिक इमारती नियम झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या, असे 45 वे कलम सांगते. नियम 2017 साली झाले. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. सरकारी कागदावर 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आले. नाव बदलले, पुष्कळ ठिकाणी पायऱ्या त्याच राहिल्या.

तेव्हा बंधू-भगिनींनो, इंग्लंडच्या पासाची ही गोष्ट वाचून झाल्यावर आपल्या आसपास पाहा. घरात किंवा चाळीत अपंग व्यक्ती असेल तर जिल्हा शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून ठेवा. रेल्वेच्या पासाची सवलत आणि सोबत्याची सवलत मागून घ्या. ती मागताना खाली मान घालायचे कारण नाही. गल्लीत क्रिकेटचे सामने भरवता, वस्तीत कार्यक्रम करता, तेव्हा मंडप बांधण्याआधीच चाकाच्या खुर्चीची जागा आखा. ती कोपऱ्यात नको, सगळे बसतात त्या ओळीत हवी, आणि शेजारी तिच्या मुलाबाळांनाही बसता आले पाहिजे. वर्गणी ठरवताना त्या घराला आधी विचारा. याला पैसा फारसा लागत नाही, आधी विचारण्याची सवय लागते.

आपल्या भागातल्या मैदानात, नाट्यगृहात किंवा स्टेशनात अपंगांना प्रवेशाची किंवा सवलतीची काय अडचण येते, ती आम्हाला लिहून कळवा. एकेकट्याची तक्रार टेबलाखाली जाते. पन्नास घरांच्या तक्रारी एकत्र मांडता आल्या, तर त्यांची दखल घ्यावी लागते.